मिटल्या डोळ्यांचा पाणबुड्या

आमचे शेजारी मोरूकाका मयेकर दर थंडीत रत्नागिरीहून रेल्वेने मुर्डेश्वरला जातात, तिथून बोटीने भर समुद्रातल्या नेत्राणी बेटापाशी पोचतात, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली प्रवाळापर्यंत उतरतात आणि डोळे घट्ट मिटून घेतात. फोटोच साक्षीला आहेत. भोवती निळेपिवळे मासे नटूनथटून उभे, आणि मध्ये काका न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखे.

आळीत याची यथेच्छ चेष्टा होते. "काका, डोळेच मिटायचे तर आपल्या मांडवीच्या किनाऱ्यावर बसून मिटा की!"

"मासे काय बगायचे? जन्म गेला मिरकरवाड्याच्या बंदरात मासळीसाठी बर्फ फोडण्यात. मासेच मला बगून कंटाळले," काका म्हणतात. वर शेरा ठरलेला, "तुला नाय कळायचा. तू कोरडा माणूस." पाण्याखाली न गेलेला प्रत्येक जण कोरडा. डॉक्टर कोरडा, सरपंच कोरडा, सख्खा जावई तर ठणठणीत कोरडा.

यंदा त्यांच्या मुलीचा, वैशालीचा, मुंबईहून मला फोन आला. "दादा, तू सोबत जा. बाबांना तिथं काय मिळतं ते एकदा बघ. नुसता हट्ट असेल तर ही शेवटची खेप. वय झालं रे त्यांचं."

मी न्हाणीघरातसुद्धा जपून पाय टाकणारा. पण शेजारधर्म म्हणून गेलो, बुडी मारायला शिकवणाऱ्या पोराचा हात धरून उतरलोही. आणि खाली भीती कुठे विरघळली कोण जाणे. ऊन वरून सावकाश झिरपत होतं. कुणालाच कसली घाई नव्हती. एक पोपटी मासा माझ्या डोळ्यांवरच्या काचेत डोकावला आणि ओळख नसल्यासारखा निघून गेला. हाताच्या अंतरावर काका तरंगत होते. डोळे बंद, तोंडात नळी, मान एका अंगाला कललेली. श्वासागणिक ती जराशी डुलायची.

बोटीवर आल्यावर मी चिडलोच. "काका, खाली स्वर्ग पसरलाय, आणि तुम्ही..."

"तू आवाज ऐकलास काय?"

"कसला?"

"नळीचा. श्वास सोडला की गुडगुड, गुडगुड." काका टॉवेलने तोंड पुसत राहिले. "तुझी काकी शेवटाला घरातच ऑक्सिजनवर होती. त्या नळीला जोडलेल्या बाटलीतल्या पाण्यात असेच बुडबुडे यायचे. रात्रभर. मी बाजूला पडून ऐकायचो. गुडगुड चाललीय म्हंजे ती हाय." मग समुद्राकडे बघत म्हणाले, "आता घरात कायच वाजत नाय रे. झोप म्हणून लागत नाय."

 मी माझाही टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला.

बोट किनाऱ्याकडे वळली. रेंज आल्याबरोबर वैशालीचा फोन. "काय रे दादा, काय मिळतं बाबांना तिथं?"

काका फळीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, मस्त घोरत होते.

"आम्ही पुढच्या वर्षीही येणार आहोत," मी म्हटलं. "आणि हळू बोल गं. आत्ता कुठे झोप लागलीय त्यांना."