विझलेला सिग्नल आणि व्याहीबुवांचे विमान

सुज्ञ वाचकहो, विद्या माणसाकडे कोणत्या वाटेने चालत येईल ह्याचा काही नेम नाही. हे सत्य जयपूर शहरी, भर चौकात, भर दुपारी, असंख्य वाहनांच्या साक्षीने कसे सिद्ध झाले, त्याचे यथातथ्य निवेदन प्रस्तुत कथेत करण्याचे योजिले आहे. वाचकांनी ते शांत चित्ताने वाचावे आणि मध्ये कोठे हसू आल्यास ते रोखू नये, ही विनंती.

श्री. हणमंतराव साळुंखे हे मूळचे कराडकडचे. रेल्वेचे इंजिन चालविण्यात त्यांची उभी हयात गेली. मोठमोठ्या मेलगाड्या त्यांनी वाळवंटाच्या धुळीतून आणि पौषाच्या धुक्यातून सुखरूप नेल्या. निवृत्तीनंतर ते सपत्नीक जयपूरच्या जवाहर नगरात स्थायिक झाले. चिरंजीव निलय व सूनबाई स्वानंदी नोकरीनिमित्त बंगळूरला गेली, तेव्हा त्यांची मोटार मागे राहिली आणि तिच्या पाठोपाठ हणमंतरावांच्या मनातील एक जुने शल्यही जागे झाले.

ते शल्य असे. निलयच्या लग्नात, भर पंगतीत, व्याही शामराव गोखले थट्टेने म्हणाले होते, "हणमंतराव, तुमचं काम सुखाचं. रूळ नेतात तिकडे जायचं. तुम्ही नुसतं बसायचं!" शामराव हे पुण्याचे, शिक्षणशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. परंतु पंगत हसली, आणि हणमंतरावांच्या घशात जिलेबी अडकली ती आजतागायत खाली उतरली नव्हती.

अशा स्थितीत जयपूरच्या मराठी मंडळाने 'माणूस कसा शिकतो?' ह्या विषयावर व्याख्यान देण्यास शामरावांना पाचारण केले. वार्ता कानी येताच हणमंतरावांनी फोन उचलला.

"व्याही, टॅक्सी करायची न्हाई. विमानतळावर मी येणार. गाडी घिऊन. मी सोता चालवत!"

फोन ठेवल्यावर त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई म्हणाल्या, "अवो, पण तुमास्नी मोटार कुठं येतीया?"

"शिकायला किती उशीर? इंजिन हाकलंय मी!"

दुसऱ्याच दिवशी शिकवणी सुरू झाली. गुरू लाभले ते रणजीतजी नामक स्थानिक गृहस्थ. नवऱ्याला परक्याच्या हाती एकटे कसे सोपवावे, म्हणून इंदुमतीबाई पाण्याची बाटली घेऊन मागच्या सीटवर बसू लागल्या. हणमंतरावांनी वाहतुकीचे नियम मुखोद्गत केले होते. गिअर आणि ब्रेक ह्यांवरही त्यांचा हात लवकर बसला. अडचण निराळीच निघाली.

"अंकलजी, मोड़ आ गया," रणजीतजी म्हणाले.

"दिख रहा है," हणमंतराव निर्धास्तपणे म्हणाले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"तो घुमाइए ना!"

"मैं? रास्ता घूम गया है ना?"

रणजीतजींनी ऐन वेळी चाक फिरविले म्हणून भाजीचा गाडा बचावला. वाचकहो, ह्यात हसण्यासारखे आहे, पण नवल करण्यासारखे काही नाही. इंजिनाला वळविण्याचे चाक नसतेच. ज्या हातांनी आयुष्यभर वेग राखला, त्यांना दिशा राखण्याची सवय कोठून असणार? तथापि हणमंतरावांनी जिद्द सोडली नाही. यथावकाश त्यांना परवाना मिळाला. रणजीतजींच्या आग्रहावरून इंदुमतीबाईंनीही अर्ज केला होता, त्यांनाही मिळाला. तो केवळ सोबत बसल्याबद्दल, प्रसादासारखा मिळाला असावा, अशी हणमंतरावांची प्रामाणिक समजूत होती.

अखेर तो दिवस उगवला. हणमंतरावांनी इस्त्रीचा सदरा चढविला. "व्याही, बघा, खाली रूळ न्हाईत!" हे वाक्य त्यांनी आरशासमोर घोळून घोळून गुळगुळीत केले होते. उभयता सांगानेरच्या विमानतळाकडे निघाली. वळणे आली, हणमंतरावांनी ती स्वहस्ते घेतली. सर्व काही सुरळीत होते. इतक्यात एका मोठ्या चौकात वीज गेली आणि सिग्नल विझला.

हणमंतरावांनी तत्काळ गाडी थांबविली.

"अवो, थांबला का?"

"सिग्नल इझलाय."

"सगळी चाललीत की!"

"सगळी चुकत्यात. इझलेला सिग्नल म्हंजी लाल. रेल्वेत हेच शिकीवलंय मला. त्यो पेटंस्तवर चाक हलणार न्हाई."

मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. एका बसचालकाने डोके बाहेर काढले. "अरे बाऊजी, सो गए क्या?"

"सिग्नल बंद है!" हणमंतरावांनी बाणेदारपणे उत्तर दिले.

"बंद है, तभी तो जाना है!"

हे तर्कशास्त्र हणमंतरावांना मान्य होण्यासारखे नव्हते. मग मागची वाहने त्यांना वळसा घालून चुकीच्या बाजूने घुसू लागली. समोरून येणाऱ्यांची वाट अडली. ती अडल्यावर तेही तिरपे घुसले. त्या चेंगराचेंगरीत सांगानेरहून छापील कापड घेऊन येणारी एक ई-रिक्षा कलंडता कलंडता वाचली, पण तिच्यातील तागे मात्र घरंगळले. त्यांतला एक उलगडत उलगडत थेट हणमंतरावांच्या गाडीपुढे पसरला. तो नेमका लालभडक होता.

"बघ!" हणमंतराव विजयी मुद्रेने म्हणाले. "आता तर वर लाल बावटाबी आला."

इंदुमतीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

एवढ्यात घामाघूम झालेला वाहतूक पोलीस वाट काढीत आला. "ये आगे वाली गाड़ी किसकी है?"

हणमंतराव खाली उतरले आणि ताठ उभे राहून त्यांनी विझलेल्या सिग्नलचा नियम साद्यंत कथन केला. पोलिसाने एकवार आकाशाकडे पाहिले. चौकाला चार तोंडे होती आणि तो एकटा होता. हतबल होऊन तो म्हणाला, "बाऊजी, इतना ही नियम जानते हो तो खुद बीच में खड़े हो जाओ! मैं उधर का देखता हूं।"

तो रागाने बोलला होता. हणमंतरावांनी तो हुकूम मानला. कापडवाल्याच्या परवानगीने त्यांनी लाल ताग्याचे टोक एका हाती व एका हिरव्या ताग्याचे टोक दुसऱ्या हाती घेतले आणि ते चौकाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. मग जे घडले ते पाहण्यासारखे होते. लाल वर जाई, एक बाजू थिजे; हिरवे हाले, दुसरी सुटे. आगाऊपणे पुढे आलेल्या एका मोटारसायकलवाल्याला त्यांनी नुसत्या नजरेने मागे रेटले. गुंता सैल होऊ लागला. मघाचा बसचालक जाताना म्हणाला, "वाह बाऊजी, जमा दिया!"

गर्दी हलू लागली तशी हणमंतरावांची छाती फुगू लागली. तोच इंदुमतीबाई धावत आल्या.

"अवो, विमान उतरलं आसंल! चला की!"

हणमंतरावांनी घड्याळ पाहिले, गाडी पाहिली, आणि चारही बाजूंनी आपल्या हाताकडे डोळे लावून बसलेली वाहने पाहिली. त्यांचा चेहरा पडला.

"इंदू, ड्यूटीवरचा माणूस बदली आल्याबगर जागा सोडत न्हाई."

"मंग व्याह्यांचं काय? तुमीच फोन करून सांगितलंय. ताटकळत बसतील की ती तिथं."

"टॅक्सी करू दे त्यास्नी," हणमंतराव म्हणाले. पण हे शब्द जिलेबीच्या त्याच तुकड्याला अडखळत बाहेर आले.

इंदुमतीबाईंनी पदर खोचला. त्या गाडीकडे गेल्या आणि पुढचे दार उघडून चाकामागे जाऊन बसल्या. सीट पुढे ओढली. आरसा सारखा केला.

"आगं, आगं! तुला कुठं..."

"मला परवाना हाय. रस्ता द्या!"

हणमंतरावांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पत्नीला हिरवे कापड दाखविले. गाडी कापडाला शिवलीही नाही. डौलाने वळली आणि दिसेनाशी झाली. त्यानंतर हणमंतरावांचे हात रहदारी हाकीत होते, जीव मात्र सांगानेरच्या रस्त्यावर होता.

काही वेळाने तीच गाडी समोरून येताना दिसली. त्या बाजूला तेव्हा लाल होते. घरची गाडी म्हणून हणमंतरावांनी ते खाली घेतले नाही. इंदुमतीबाईंनी पांढऱ्या रेषेच्या अलीकडे गाडी अशी अलगद थांबविली की आतल्या माणसाच्या हातातील कागदी पेल्यातला चहादेखील हिंदकळला नाही. तो चहा पिणारे गृहस्थ म्हणजे शामराव.

त्याच वेळी वीज आली. सिग्नल पेटला. पोलिसाने येऊन हणमंतरावांशी हात मिळविला, कापडवाल्याने तागे गोळा केले, आणि बदली आल्याची खात्री करून हणमंतराव गाडीत मागे बसले.

"कधी शिकलीस गं?" त्यांचा पहिला प्रश्न.

"तुमी रणजीतजींसंगं वळणावर भांडत व्हता, तवा बघून. आन् तुमी च्याला उतरला की रणजीतजी चाक माझ्या हातात द्येत व्हते."

शामराव मागे वळले. "हणमंतराव, हे काय? मला तर वाटलं होतं, तुम्ही गाडी घेऊन येणार!"

आरशासमोर घोळलेले वाक्य आता निरुपयोगी झाले होते. हणमंतरावांची नजर चाकाकडे गेली. पुढे इंदुमतीबाई एक हात बाहेर काढून, बसला वाट देऊन, सराईतपणे वळण घेत होत्या. ते पाहता पाहता त्यांचा चेहरा उजळला.

"मी आणली असती, व्याही, तर साळुंख्यांच्यात एक ड्रायव्हर हाय, येवढंच कळलं असतं. ते सरकारलाबी ठावं हाय. आज आमचं घर शिकलं."

शामरावांनी हातातला पेला रिकामा केला. मग हळूच म्हणाले, "लग्नात मी काहीतरी बरळलो होतो. मनात ठेवू नका. आणि हे वाक्य संध्याकाळी व्याख्यानात घेऊ का?"

"घ्या की. पन माझ्या नावावर न्हाई. ड्रायव्हरच्या नावावर घ्या."

संध्याकाळी मंडळाचे सभागृह भरले होते. शामरावांनी ते वाक्य घासूनपुसून व्याख्यानाचा आरंभच असा केला, "जयपूरच्या श्रीमती इंदुमती साळुंखे म्हणतात, एकटा माणूस शिकतो ती विद्या, आणि घर शिकतं ते शिक्षण." टाळ्यांचा कडकडाट झाला.

इंदुमतीबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "अवो, म्या कवा म्हनलं आसलं?"

"गप बस," टाळ्या वाजवीत हणमंतराव म्हणाले. "आज ना उद्या म्हनलीच असतीस."

येथे हे निवेदन पूर्ण झाले. ह्या लेखकाचे शालेय शिक्षण थोडके. जे शब्द जुळले ते चार चांगल्या माणसांच्या संगतीने जुळले. आपण आपला मोलाचा वेळ देऊन ते वाचलेत, ह्याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला,
परीक्षित धोंडिबा कांबळे
जयपूर