मॉवरपुरतं पेट्रोल

त्या गुरुवारी मी गाडीत पेट्रोल भरलं नाही. एवढंच केलं मी. (खरं तर काहीच केलं नाही, पण काही न करण्यातूनही माझ्या हातून केवढं होऊ शकतं, ते पुढे दिसेलच.)

रेडिओवर सांगितलं होतं की तेलाचे भाव भडकल्यामुळे सरकार सोमवारपासून पेट्रोलवरचा कर निम्मा करणार. गाडीची टाकी पाव भरलेली होती. सोमवारपर्यंत पुरेल, असा हिशेब मी केला. माझ्याकडे अर्थशास्त्राची पदवी आहे. हिशेब मी आत्मविश्वासानं करते. चुकतो तो नंतर.

पेट्रोल हवं होतं आजीसाठी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चहा कपाच्या शेजारी ओतायची आणि "कपच सरकला" म्हणायची. वर्षभराहून जास्त वाट पाहिल्यावर एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बोलावणं आलं होतं: पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी, दीडशे किलोमीटरवरच्या दवाखान्यात. ती वेळ चुकली की नाव पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणि आमच्या मुरांडा गावात ना बस येते, ना रेल्वे.

शनिवारी गावच्या हॉलमध्ये सभा झाली. बायकांनी स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, आणि जॅम ठेवला की मुरांडात कुठल्याही विषयावर सभा होऊ शकते. या वेळी विषय होता, तेल महागलं की सरकारनं कर कमी करावा का.

मेंढ्यांची लोकर कातरण्यात उभा जन्म घालवलेले क्लेम उठले. "अजिबात करू नये. आज कर कापतील. उद्या भाव पुन्हा चढला की काय कापणार, स्वतःचं नाक? आणि रस्ते कोण करणार? हे स्कोन?"

"शहरात ट्राम आहे, क्लेम," मी म्हणाले. माईक किंचाळला, म्हणून मीही किंचाळले. "इथे माणूस आजारी पडला तरी आधी टाकीचा काटा बघावा लागतो. हा कर आपल्या लांब राहण्यावर बसतो!"

टाळ्या पडल्या. मला टाळ्यांची सवय नाही. त्या भरात मी पुढे म्हणाले, "स्वस्त पेट्रोल येईपर्यंत कुणीही थेंबभर घेऊ नका!"

सगळ्यांनी हात वर केले. क्लेमनीसुद्धा. (त्यांच्या हातात स्कोन होता, पण हात तो हातच.)

सोमवारी सकाळी अख्खं गाव देस्पिनाच्या पंपावर. गावात पंप तो एकच. फलकावर भाव मात्र जुनाच.

"कर कापला ना?" कुणीतरी विचारलं.

"कापला की," देस्पिना कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पण तो डेपोत टँकर भरताना लागतो. माझ्या टाकीतलं तेल जुना कर भरून आलंय. ते संपलं की टँकर येईल, मग स्वस्त."

"मग संपणार कधी?"

"संपलं असतं रविवारीच. पण शनिवारपासून कुत्रं फिरकलं नाही इकडे. कुणी सांगितलं होतं तुम्हाला घेऊ नका म्हणून?"

सगळे माझ्याकडे वळले. मी टायरमध्ये हवा भरायच्या यंत्राकडे असं पाहू लागले, जणू ते मी पहिल्यांदाच पाहतेय.

"मग घ्या आता कुणीतरी," देस्पिना म्हणाली.

"घे की तू," एक म्हणाला.

"मी का? मी शब्द दिलाय!"

जो तो दुसऱ्यानं महाग पेट्रोल संपवावं म्हणून घरी जाऊन बसला. भाव उतरला का हे बघायला मी मात्र रोज पंपावर जाऊन येत होते. गाडीनं. पाव टाकी कुठे गेली, ते यावरून ध्यानात यावं.

गुरुवारी दुपारी काटा तळाला टेकला. आजीची पिशवी दाराशी भरून तयार होती. वर घडी केलेला नाइटगाउन.

"पेट्रोल भरलंस ना गं, रोवेना?"

"भरतेय की, आजी."

"तुझा चेहरा दिसला असता तर कळलं असतं खरं काय ते," ती म्हणाली.

शब्द तर मीच द्यायला लावलेला. म्हणून मी गाडी तशीच ठेवली आणि लाल डबा घेऊन चालत निघाले. कुणी विचारलं तर सांगायचं, गवत कापायच्या मॉवरसाठी हवंय.

पंपाच्या मागच्या बाजूला क्लेम उभे होते. हातात डबा.

"मॉवरसाठी," ते आधीच म्हणाले.

त्यांच्या मागे पोस्टातली जिनेट. मॉवरसाठी. तिच्या मागे आणखी दहा-बारा जण, सगळे डबे घेऊन, सगळे मॉवरसाठी. मुरांडात दोन वर्षं पाऊस नाही. गवताची शेवटची काडी कधी पाहिली, कुणालाच आठवत नव्हतं.

मी दचकून टायरच्या ढिगाआड लपले. रांग सरल्यावर पुढे झाले, डबा धरला. पंप खोकला, दोन थेंब पडले आणि थांबला.

"संपलं!" देस्पिना आनंदानं ओरडली. "उद्या दुपारी टँकर!"

"उद्या सकाळी आजीचा डोळा आहे," मी म्हणाले.

देस्पिनाचा हात कमरेवरून खाली आला आणि फोनकडे गेला.

संध्याकाळी दारापाशी डब्यांचा खडखडाट झाला. क्लेम, जिनेट, बाकीचे. एकेक जण माझ्या गाडीत थोडं थोडं ओतत होता. क्लेमच्या डब्यात जुनं ऑइल होतं, हे सकाळी निळ्या धुरावरून समजलं.

"कोण आलंय?" आजीनं आतून विचारलं.

"मॉवरवाले," क्लेम म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "जपून ने तिला, पोरी. रस्ता चांगला आहे. करातून झालाय."

डोळा उत्तम झाला. शनिवारी परतताना वाटेत पुन्हा पेट्रोल संपेल या धास्तीनं मी अर्ध्या रस्त्यातल्या ढाब्याच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. त्याचं तेलही जुनंच होतं, आणि देस्पिनापेक्षा महाग.

मुरांडाच्या वेशीवर आजी ताठ बसली. "अगं, नवा भाव लागलाय! इथून वाचता येतोय मला!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पंपावर सगळं गाव गाड्यांची रांग लावून स्वस्त तेल भरत होतं. मी न थांबता पुढे निघाले, तशी प्रत्येकानं आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. मीही उचललं.

"किती चांगली माणसं," मी म्हणाले. "बघ, आजी, सगळे तुझी विचारपूस करतायत."

आजीनं नव्या डोळ्यानं एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्या भरलेल्या टाकीच्या काट्याकडे पाहिलं.

"नाही गं," ती म्हणाली. "तुला हसतायत. आता मला अगदी स्पष्ट दिसतंय."