क्रमांकाच्या तोतयाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. वाचणारास आयुष्य आणि विकणारास अक्कल असो. धन्यांनी पुसिले की, आपल्या राज्यात एका यंत्राचा तोतया जाहला म्हणतात, तो कैसा, खरे ते लिहून पाठवणे. त्यावरून पाहिले आणि ऐकिले ते, पदरचे मीठ बेताने घालून, लिहिले असे. शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, कसब्याचे कुंभारआळीत निळोपंत सरवटे म्हणून वयोवृद्ध गृहस्थ राहात होते. सरकारचे जमीन-दप्तरी छत्तीस वर्षे कारकुनी केली आणि तितक्या काळात हातून खोटा कागद एक गेला नाही, हीच त्यांची दौलत. आळीत कोणाचा तंटा निघाला तर 'पंतांची सही आहे ना, मग झाले' इतके बोलून मिटत असे. त्यांस खोड एकच, की कोणी एक कागद मागितला तर तीन देत आणि तिन्हींवर 'सत्यप्रत' म्हणून सही ठोकीत. चिरंजीव परमुलखी चाकरीस होते, त्यांनी नवा लॅपटॉप पाठविला, मग जुना, पाच वर्षे वापरिलेला परंतु निगेने राखिलेला, विकावा ऐसा मनसुबा जाहला. आणि पंतांनी आतील फोटो, पत्रे, बँकेचे कागद, सर्व पुसून यंत्र कोरे केले, हे शहाणपण त्यांच्या जमेस धरावे, कारण पुढे खर्चाची बाजू मोठी आहे. मग मोबाइलवरील बाजारात यंत्राची तसबीर आणि मोल चौदा हजार ऐसी जाहिरात लाविली.

दोन दिवस 'फायनल किती?' इतकेच पुसणारे आले आणि गेले, आणि मग तिसरे दिवशी एक गिऱ्हाईक प्रकटले. आपण फौजेत हुद्देदार, नेमणूक सरहद्दीवर, सबब समक्ष येणे घडत नाही, ऐसे लिहून आपली वर्दीतील तसबीर पाठविली, आणि मग लिहिले, 'सर, सिरीयल नंबर पाठवा. चोरीचा तर नाही ना, तेवढं बघतो.' शंका घेणारे गिऱ्हाईक पाहून पंतांस राग न येता आदर उपजला, की राज्यात कागद तपासणारा माणूस अजून शिल्लक आहे. मग यंत्राचे पाठीवरील क्रमांकाची तसबीर पाठविली, आणि मागितले नसता खरेदीचे बिलही पाठविले, ज्यावर पंतांचे नाव, घरचा पत्ता, आणि खाली सत्यप्रत म्हणून ठसठशीत सही. कुटुंब वेणूबाई भाजी निवडीत होत्या, त्या बोलिल्या, 'अहो, आपल्या शकूच्या लग्नाच्या वेळी स्थळ आलं की आपण आधी माणसं बघत होतो. पहिल्याच पत्रात जन्मवेळ कळवली होती का कुणाला?' पंत बोलिले, 'नंबर म्हणजे किल्ली नव्हे. नंबराने यंत्र उघडत नाही.' बाई बोलिल्या, 'पत्रिकेनेही घर उघडत नाही. पण मुलगी अमक्यांची आणि आमची सोयरीक ठरली, असं गावभर सांगत फिरायला तेवढी पुरते.' पंतांनी हे बोलणे बायकी म्हणून दप्तरी लाविले नाही. आणि फौजी जो गुप्त जाहला, तो उत्तरास उत्तर देईना.

मग षष्ठीचे दिवशी सकाळी पंतांचे दारी एक बाई येऊन उभी राहिली, नाव सुगंधाबाई खरात, शेजारील तालुक्याची, एसटीच्या दोन गाड्या बदलून आलेली. ती बोलिली, 'काका, लॅपटॉप न्यायला आले. तुमच्या पुतण्याला तीन हजार इसार दिलाय, बाकीचे इथे देते.' पंत बोलिले, 'बाई, मला पुतण्या नाही.' 'मग हे बिल कुणाचं?' ऐसे बोलून तिने मोबाइल पुढे धरिला, तो पंतांचीच सही. तिने क्रमांकही वाचून दाखविला, आणि यंत्र उलटे करून पाहाता अक्षराअक्षरास जुळला. जाहले ते ऐसे, की फौजीने पंतांच्याच तसबिरी घेऊन, आपण पंतांचा पुतण्या ऐसे सांगून, दोन हजार कमी मोल लावून, आपली जाहिरात उभी केली. आणि सुगंधाबाई काही भोळी नव्हती, तिने इसार देण्याआधी क्रमांक मागितला, तो बनविणाऱ्या कंपनीच्या पानावर घालून पाहिला, यंत्राची जात, वय, सर्व खरे निघाले, मग पैसे सोडिले. क्रमांक खरा, बिल खरे, पत्ता खरा, खोटा तो मालक तेवढा. तोतया याहून निराळा नसतो. अंगरखा खऱ्याचाच असतो.

तेव्हा शेजारचे भिकोबा डिंगणकर, जे दुसऱ्याचे दारातील बोलणे ऐकण्यास्तव आपली सायकल तिसऱ्यांदा पुसीत होते, ते बोलिले, 'काय पंत, एक म्हैस दोन दावणींना? पेन्शन पुरेना वाटतं.' चार माणसे हसली, आणि मग पाचवे बोलिले की फौजी आणि पंत यांचे आतून साटेलोटे असावे, सही तर पंतांचीच आहे. या एका बोलण्याने छत्तीस वर्षांची दौलत उंबऱ्यावर सांडली. पंतांचा चेहरा उतरला.

वेणूबाईंनी सुगंधाबाईस हाताला धरून आत नेले, चहा दिला, आणि पंतांस बोलिल्या, 'दाखवा तिला सगळं. लपवण्यासारखं तुम्ही ठेवलंयत काय आता?' मग पंतांनी फौजीचा सर्व पत्रव्यवहार दाखविला. तीच वर्दी, तीच सरहद्द, पंतांस 'सर' आणि तिला 'मॅडम' इतकाच भेद. सुगंधाबाई वाचून बोलिली, 'काका, मला पडद्यावरून मुलांना गणित शिकवायची नोकरी लागलीय. नवमीला सुरू. आणि माझा हिशोब असा चुकला.' पंत बोलिले, 'तुझा नाही चुकला. तुला दिलेले आकडे माझे होते.'

मग दोघे मिळून ठाण्यात गेले. ठाणेदारांनी तक्रार लिहावयास घेतली आणि बोलिले, 'हं, नंबर सांगा पंत.' पंत बोलिले, 'आधी आपलं ओळखपत्र दाखवा.' ठाणेदार आपल्या अंगाकडे पाहून बोलिले, 'ही वर्दी काय भाड्याने आणलीय?' पंत बोलिले, 'वर्दी मी गेल्या आठवड्यातही पाहिली.' ठाणेदार हसले आणि कार्ड दाखविले, आणि बोलिले, 'द्यायचा तिथे अडता, नको तिथे वाटता. अहो, तक्रारीला, दुरुस्तीला, समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला नंबर द्यायचाच असतो. बाजारात मांडायचा नसतो.' तक्रार नोंदली, परंतु इसार गेला तो गेला, आणि कुंभारआळीचे तोंड ठाणेदार बंद करू शकत नव्हते.

परत येऊन पंत बोलिले, 'यंत्र तू ने. इसार मी भरला असं समज.' सुगंधाबाई बोलिली, 'ते नको. यंत्र न पाहता पैसे मी सोडले, तुम्ही नाही सोडायला लावले.' बरीच हुज्जत जाहली, शेवटी वेणूबाईंनी निवाडा केला की खोट अर्धी अर्धी, आणि जेवून जा. मग पंतांनी चौदा हजारांतून दीड वजा करून साडेबारा हजार मोजून घेतले, सुगंधाबाईने यंत्र चालवून, क्रमांक डोळ्यांनी ताडून घेतला, आणि पंत पावती लिहावयास बसले. फार वेळ बसले. विकत दिले, रक्कम पावली, येथवर हात सराईत चालला, आणि पुढे थांबला, आणि मग त्यांनी लिहिले: 'या यंत्राचा क्रमांक व माझे बिल मी अनोळखी माणसास, न पाहता, न मागता, पाठविले. त्यामुळे या बाईंचे नुकसान झाले. चूक माझी.' छत्तीस वर्षांत दुसऱ्यांच्या चुका त्यांनी पुष्कळ नोंदविल्या होत्या. आपली ही पहिली. सुगंधाबाई वाचून बोलिली, 'काका, पावतीत असलं कुणी लिहीत नाही.' पंत बोलिले, 'खोटा कागद माझ्या हातून जात नाही. अर्धा खराही जाऊ नये.'

ती यंत्र घेऊन एसटीस गेली, आणि मग पंतांनी त्या पावतीची एक प्रत काढिली, क्रमांकावर काळी शाई फिरवून शेवटचे तीन अंक तेवढे उघडे ठेविले, सुगंधाबाईचे नाव झाकिले, आपले नाव सबंध ठेविले, आणि आळीच्या फळ्यावर, जेथे पाणी केव्हा येणार ते लिहितात, तेथे स्वहस्ते टाचिली. सायंकाळी भिकोबा डिंगणकर वाचावयास आले. वरचे दोनदा वाचले, आणि मग खालची सही पाहिली, आणि कागदाचा एक कोपरा वाऱ्याने उडत होता, तेथे आपल्या खिशातील टाचणी काढून लाविली.

एकूण ताळा ऐसा: खर्ची पंतांचे दीड हजार, बाईचे दीड हजार, जमेस नवमीची शाळा, ती वेळेवर भरली. फौजी हाती लागला नाही. दुसऱ्या कसब्यात दुसऱ्या वर्दीत कोणास क्रमांक पुसत असेल. पुसणारावर राग धरू नये, खरे गिऱ्हाईकही पुसते. परंतु आधी माणूस, मग क्रमांक, हा क्रम राखावा. धन्यांनी पुसिले तितके लिहिले असे.