दाजींचं रक्त

हेडक्लार्कना राग यायला कारण लागत नसे. पण त्या दिवशी होतं, आणि चांगलं दहा फुटी होतं. मेहुण्याने दोन दिवसांसाठी म्हणून वर्षापूर्वी नेलेली त्यांची शिडी मोडली होती. (शिडीवरून मेहुणाही पडला होता आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं; पण तिथवर ऐकायला ते थांबले नाहीत.)

"शिडीचं काय झालं?" ते फोनवर कडाडले.

शेजारी उभ्या बायकोने त्यांच्या हातातून फोन हिसकावून घेतला. "अहो, माझा भाऊ ऑपरेशनला पडलाय! रक्त लागणारेय. तुम्हाला जमणार नसेल तर दुसरं कुणी बघते."

जमणार नाही? त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आजवर माझं रक्तच पीत आलाय तो! आता पिशवी भरून देतो. जन्मभर मिंधा राहू दे लेकाचा!"

हॉस्पिटलच्या रक्तपेढीतल्या बाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बीपी फार वाढलंय. असं रक्त घेता येत नाही. शांत बसा जरा."

"मी शांतच आहे!"

पलीकडच्या खोलीतून दोघंजण डोकावून गेले. हेडक्लार्क बाकावर बसले. डोळे मिटले, तर शिडी दिसली. उघडले, तर समोरच्या पोस्टरवरचा रक्तदाता अगदी मेहुण्यासारखा दात काढत होता. पुन्हा पट्टा बांधला, तर आकडा आणखी वर.

"शांत व्हा ना हो," बायको कुजबुजली.

"शांत व्हा म्हटलं की मला जास्त चढतो!"

"मग जा, एकदाचं ओरडून या त्याच्यावर!" आता तीही भडकली. "ती शिडी तुमच्या पोटात अडकलीय. ती निघाल्याशिवाय काही खरं नाही."

ते तरातरा वॉर्डात गेले. मेहुणा पाय टांगून, पांढराफटक पडला होता.

"दाजी..."

"गप! दोन दिवसांत आणतो, कोण म्हणालं होतं? आणि एवढ्या उंच चढायचं होतं, तर खालून धरायला मला बोलवायला काय धाड भरली होती? मेला असतास म्हणजे?"

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज कातर झाला. त्याबद्दल स्वतःवरच चिडत, नाक शिंकरत ते खाली आले. बीपी उतरलं होतं.

पिशवी भरली. बिस्किट चावत त्यांनी हुकूम सोडला, "आता वर न्या. दाजींनी दिलंय म्हणून सांगा."

"त्यांना सकाळीच लावलंय," बाई म्हणाल्या. "उशाशी लाल पिशवी लटकतेय, दिसली नाही?"

(नव्हती दिसली. शिडीच दिसत होती.) "मग ते कुणाचं?"

"कुणीतरी गेल्या आठवड्यात मुकाट्याने देऊन गेलं. तुमचं आता तपासून ठेवू, आणखी कुणाच्या उपयोगी पडेल." मग मात्र बाईंचाही तोल गेला. "घरचं माणूस पडलं की धावत येता सगळे! पडलेल्याने काय तुमचा पारा उतरेपर्यंत तग धरायचा? आधी कुणी दिलं नसतं, तर आज ओरडायला तरी कोण उरलं असतं?"

 हेडक्लार्कना चिडायला जागा सापडली नाही, आणि त्याचाच राग आला.

पुढे मेहुणा काठी टेकत घरी आला. गाईसारखा गरीब माणूस, पण चहात साखर कमी पडली म्हणून बहिणीवर खेकसला. लगेच ओशाळला.

"रागावू नकोस ताई. दाजींचं रक्त चढल्यापासून असंच होतंय बघ."

हेडक्लार्क ताडकन उठले. ते माझं नव्हतंच, हे अगदी ओठांवर आलं. पण तसं सांगावं, तर मेहुण्याचा मिंधेपणा जातो. न सांगावं, तर स्वतःची अब्रू. बायको तोंडाला पदर लावून बघत होती.

"होईल सवय," म्हणून ते खाली बसले.

काही महिन्यांनी, घरात सगळे धडधाकट असताना, ते आपणहून रक्तपेढीत गेले. बाईंनी पट्टा सोडला. "वा, बीपी छान आहे की! आज कुणावर ओरडून आलात?"

"कुणावर नाही," हेडक्लार्क पडेल आवाजात म्हणाले. "नवी शिडी कधी देतोस, एवढंच विचारलं. तोच ओरडला माझ्यावर."