पाठ टेकायची नाही

चौसष्ट सालच्या चैत्रात गंगाधर मास्तरांनी चावडीवर पाटी लावली, 'आजपासून नाटकाची तालीम.' तिथंच घोटाळा झाला. सांगलीजवळच्या त्या गावात तालमी दोनच, एक वरल्या आळीची, एक खालच्या आळीची. ही तिसरी कुणी काढली ते बघायला दोन्ही तालमींचे पैलवान, वरल्या आळीचा नानासो आणि खालच्या आळीचा हरिबा, लंगोट काखेत मारून हजर झाले. नाटकाची गोष्ट कळल्यावर दोघेही कामच मागू लागले. त्यांना नको म्हणायची मास्तरांची छाती कुठली? नानासो राजा झाला, हरिबा फितूर सेनापती.

नाटक मास्तरांनी स्वतः लिहिलेलं, आयुष्यातलं पहिलं. त्यातून यात्रेतल्या प्रयोगाला विश्रामबागेहून सासरे येणार होते. लिहिणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असं ते गेली सहा वर्षं लेकीदेखत म्हणत आले होते. मास्तरांना एकदाच त्यांचं तोंड बंद करायचं होतं.

शेवटच्या प्रवेशात राजा सेनापतीला ठार करतो. तिथं हरिबा अडला.

"मास्तर, मरायला माजी ना न्हाई. पर पाठ टेकनार न्हाई. आजवर कुनी आस्मान दावलं न्हाई मला."

"मग पालथे पडा."

"आवं, ह्यो पालथा पडला तर मी जिकलो कसा?" नानासो उसळला. "कुस्ती बरोबरीत सुटली म्हनतील लोक!"

चार दिवस हाच वाद. शेवटी हरिबानं किल्ल्याच्या पडद्याला खांदा टेकून उभ्या उभ्या मरायचं ठरलं.

यात्रेच्या दिवशी सासरे पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून बसले. दोन अंक झकास झाले. सासऱ्यांनी एकदा 'वा'सुद्धा म्हटलं आणि विंगेत मास्तर मोहरून गेले. मग राजानं तलवार खुपसली, सेनापती उभ्यानं मेला, आणि वरल्या आळीच्या लोकांतून आरोळी आली, "नानासो, पाठ कुठं लागलीय रं?"

मेलेला हरिबा गालात हसला.

झालं! राजानं तलवार फेकली, मुकुट काढून प्रधानाच्या हातात दिला आणि मढ्याच्या पटात शिरला. हलगीवाल्यानंही लगेच कुस्तीचा ठेका धरला.

"अरे, पडदा टाक!" मास्तर ओरडले.

"निकाल लागल्याबिगर?" पडदा ओढणारा अर्जुना म्हणाला. "लोक मारतील की मला!"

मास्तर धोतर सावरत सोडवायला धावले. दोन पैलवान, किल्ला आणि मास्तर एकदमच कोसळले. धुरळा बसला तेव्हा दोन्ही पैलवान पालथे होते आणि त्यांच्याखाली मास्तर उताणे.

"चितपट!" सगळं गाव ओरडलं.

पैलवान उठले. दोघांचीही पाठ कोरी, त्यामुळं दोघांनी आनंदानं एकमेकांना मिठी मारली. तेवढ्यात सासरे डोळे पुसत वर आले. हसून हसून त्यांना धाप लागली होती.

"जावईबापू, काय लिहिलंय! पुढच्या महिन्यात विश्रामबागेत प्रयोग करा. फक्त शेवट बदलू नका."

"बदलतोय कशाला?" नानासो म्हणाला. "मास्तर हायती की!"

मास्तरांनी तीन दिवस पाठ शेकली. चौथ्या दिवशी वही काढून त्यांनी पात्रांच्या यादीत खाली एक ओळ वाढवली : 'मधे पडणारा : स्वतः लेखक.'