टायटस वेलूरियसच्या दगडाला टाकी

टायटस वेलूरियस हे रोमच्या सरहद्दीवरचे अधिकारी चार दगडांवर जेवढे कोरलेले होते तेवढेच होते, त्याहून बोटभरही जास्त नव्हते.

पहिल्या दगडावर त्यांचं नाव, बापाचं नाव आणि पाचशे घोडेस्वारांवरचा हुद्दा. त्यामुळे ते स्वतःला ओळखत आणि घोड्यावर ताठ बसत. दुसऱ्यावर ओढ्याच्या देवीचा नवस राजीखुशीने फेडल्याची नोंद. नवस कसला ते कोरलेलं नसल्यामुळे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण फेडल्याचं समाधान चेहऱ्यावर कायम असे, जसं ते काही लोकांच्या चेहऱ्यावर उगीचच असतं. तिसऱ्यावर धान्यकोठाराचं छप्पर नव्याने घातल्याचा मजकूर, आणि तळाला 'लेखनिक फाउस्टस याच्या देखरेखीखाली'. त्या एका ओळीमुळे फाउस्टसही होता. ओळ बारीक, म्हणून फाउस्टसही अंगाने बारीक.

मधूनमधून विद्वान मंडळी यायची, अक्षरांचा ठसा घ्यायला दगडांवर ओला कागद चिकटवून वरून काळं फासायची. वेलूरियसना तेव्हा गुदगुल्या व्हायच्या. एका विद्वानाने लिहिलं की हे गृहस्थ मूळचे स्पेनचे असावेत, तेव्हा दोन वर्षं त्यांना डोळे मिटले की ऑलिव्हची झाडं दिसत. मग दुसऱ्या विद्वानाने ते खोडून काढलं आणि ती झाडं एका दुपारीत वठली.

चौथा दगड थडग्याचा. 'येथे टायटस वेलूरियस निजले आहेत. वय वर्षे एक्केचाळीस. दगड उभारून शोक करीत आहे त्यांची पत्नी', आणि पुढे कोपरा तुटलेला. नाव त्या कोपऱ्याबरोबर गेलं. कोपरा कुणा मेंढपाळाने मेंढ्यांच्या वाड्याच्या कुंपणात घातला असं म्हणतात.

म्हणून बायकोही होती. दगडाकडे तोंड, नवऱ्याकडे पाठ, एक हात दगडावर. अठराशे वर्षं ती शोक करीत होती, कारण तसं कोरलेलं होतं. वेलूरियसना तिची वेणी पाठ होती, मान पाठ होती, डावा कानही. तिने एकदा वळून बघावं एवढीच त्यांची इच्छा होती. पण वळायला हाक हवी, आणि हाकेला नाव.

धुक्याच्या एका सकाळी सरहद्दीच्या भिंतीपलीकडून आवाज आला, "टाकीऽऽ लावायची का, पाट्याला, जात्यालाऽऽ!"

ही फलटणकडची यल्लूबाई. पाटा वापरून गुळगुळीत झाला की मिरची त्यावरून नुसती घसरते, वाटली म्हणून जात नाही. मग यल्लूबाई छिन्नी-हातोडीने त्याला बारीक बारीक टोचून पुन्हा खरबरीत करून द्यायची. घरोघरी मिक्सर आल्यापासून टाकी लावायचे दगड लांब लांब पडू लागले होते, म्हणून ती चालत चालत या भिंतीपर्यंत आली होती.

वेलूरियस घोड्यावरून म्हणाले, "बाई, तुम्हाला अक्षर कोरता येतं? बायकोचं नाव घालायचं आहे."

"दगडावर काय बी येतं, सुभेदार. वाचाया तेवढं येत न्हाई."

"असाच कारागीर बरा, साहेब," फाउस्टस म्हणाला. "वाचता येणारे मजकुरात सुधारणा करतात."

यल्लूबाईने थडग्याचा दगड आडवा घेऊन पुढ्यात ओढला. बायकोचा हात होता तिथेच, हवेत, राहिला. "नाव काय घालू?"

"तेच माहीत नाही."

यल्लूबाई इतकी हसली की तोंडातलं पान सांभाळायला तिला पदर लावावा लागला. "बायकूचं नाव म्हाईत न्हाई? किती वर्सं झाली लग्नाला?"

"अठराशेच्या वर."

"मग बराबर हाय. आमच्या मालकाला चाळीस वर्सांत जमलं न्हाई. हाक कशी मारता?"

"नावाशिवाय हाक पोचत नाही."

"अवो, अगं म्हना की! आमच्यात समद्यांचं त्येच्यावर भागतंय."

वेलूरियसनी फाउस्टसकडे बघितलं. फाउस्टसने चारही दगडांचे मजकूर मनात चाळले. "'अगं' कुठेही आढळत नाही, साहेब. प्रयत्न करून बघावा, पण अधिकृत धरता येणार नाही."

वेलूरियसनी घसा साफ केला. "अगं."

आसपास चरणाऱ्या सगळ्या मेंढ्या वळल्या. बायकोची पाठ होती तशीच राहिली.

तेव्हा फाउस्टसने सुचवलं की नाव निश्चित होईपर्यंत दगडावर जागा राखून ठेवावी. जागा किती? फाउस्टस म्हणाला सहा अक्षरांची. वेलूरियस म्हणाले, पाच. पाठीवरून ती पाच अक्षरांचीच वाटते. फाउस्टसचं म्हणणं, पाठ हा पुरावा होत नाही. वेलूरियस म्हणाले, माझ्याकडे दुसरं काय आहे? असं बोलणं चाललं, धुकं एका टेकडीवरून उठून दुसऱ्या टेकडीवर जाऊन बसलं, आणि मागे टक टक, टक टक असा आवाज होत राहिला, झोपेत ऐकू यावा तसा.

त्यांनी वळून पाहिलं तेव्हा दगड या टोकापासून त्या टोकापर्यंत टोचून झाला होता, तीळ लावलेल्या वडीसारखा. एक अक्षर शिल्लक नव्हतं.

"बाई, हे काय केलंत?"

"टाकी लावली. तुमी दोघं वाद घालीत बसला. सपाट दगड म्होरं आला की हात ऱ्हात न्हाई माजा. आता मिरची घाला आन् बगा कशी वाटतीय!"

वेलूरियस घोड्यावरून उतरले. त्यांची मान वर होईना. "माझी बायको त्यावर होती," ते हळूच म्हणाले.

ती जिथे उभी होती तिकडे बघायचं त्यांना धैर्य होईना. फाउस्टसने कपाळाला आठ्या घालून बराच वेळ विचार केला.

"साहेब, बाईसाहेबांची नावानिशी नोंद मुळात झालेलीच नव्हती. आणि जिची नोंद नाही तिला वगळता येत नाही. नियमाप्रमाणे त्या आहेत."

"आणि मी?"

"आपलं निधन तेवढं गेलं. उरलेल्या तीन दगडांवर आपण वारल्याचा उल्लेख नाही."

"शोकाचं काय?"

"तेही कलम गेलं. शोक करायला हरकत नाही, पण सक्ती नाही."

हे ऐकून वेलूरियसच्या पोटात काहीतरी गुरगुरलं. त्यांना वाटलं लांडगा आहे, हात तलवारीकडे गेला. यल्लूबाई म्हणाली, "भूक म्हन्त्यात त्येला."

मग त्यांनी मान वर केली. बायको होती. हवेत राहिलेला हात तिने खाली घेतला होता आणि स्वतःचा तळवा बघत होती.

"अगं," वेलूरियस म्हणाले.

ती वळली.

"काय हो?"

तिचा चेहरा कसा होता ते कुठल्याच दगडावर कोरलेलं नाही, त्यामुळे इथेही नाही.

यल्लूबाईने गाठोड्यातून लाल मिरच्या, लसूण, खडे मीठ आणि एक वरवंटा काढला. बायको पाट्याशी बसली. पहिल्याच फेऱ्याला मिरची घसरली नाही, जागच्या जागी धरली गेली. मिरचीचा खाट उठला, मेंढ्या शिंकल्या, फाउस्टस शिंकला.

वेलूरियस शेजारी मांडी घालून बसले. "तुझं नाव…" त्यांनी सुरुवात केली.

"आधी मीठ बघा," ती म्हणाली, आणि चटणीचं बोट पुढे केलं.

त्यांनी चाखलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"थोडं कमी आहे," ते म्हणाले.

तिने मीठ घातलं. यल्लूबाईने गाठोड्यातल्या भाकरीवर गोळाभर चटणी घेतली आणि खात खात पुढच्या टेकडीकडे निघून गेली.

पुढे विद्वान मंडळी आली तेव्हा दगड तीनच भरले. चौथा कुठे म्हणून त्यांनी बरंच शोधलं, वहीत प्रश्नचिन्ह काढलं आणि तिसऱ्यावर कागद चिकटवायला घेतला. भिंतीमागे वेलूरियसना गुदगुल्या झाल्या, घास हातातून सांडला.

"सरळ बसून जेवा," ती म्हणाली.

नाव विचारायचं राहून गेलं ते गेलंच.