गणवेशाचे नवजीवन

कापड कधी मरत नाही, त्याची फक्त बदली होते. २००९ सालापर्यंत ही गोष्ट आमच्या शाळेच्या शिवणबाईंना कोणी शिकवायची गरज पडली नव्हती. गणवेश थोरलीकडून मधलीकडे जाई, मधलीकडून धाकटीकडे, तिथून फरशीकडे, आणि अगदी अखेरीस चुलीवरची तापलेली भांडी उतरवायला. वीस वर्षे बाई मधल्या सुट्टीत मुलींच्या स्कर्टची दुमड उसवून ते बोटभर लांब करीत, उसवलेल्या खिशांना टाके घालीत आणि कमरपट्टीच्या आतून लाल दोऱ्याने जिचे तिचे नाव घालीत. या कामाला नाव नव्हते. (नाव नसलेल्या कामाचा अहवाल लिहिता येत नाही, हा त्याचा मोठाच दोष.)

त्या वर्षी मोठ्या बाई एका चर्चासत्राला जाऊन आल्या आणि नाव मिळाले: 'जीर्ण गणवेश नवजीवन अभियान'. वार्षिक प्रदर्शनासाठी जुन्या गणवेशांच्या तीनशे पिशव्या. समिती सात जणांची. शाळेत सुईत दोरा ओवता येणारी व्यक्ती एकच होती. तिला समितीत घ्यायचे तेवढे राहून गेले.

महिनाभरात गणवेश जमले अकरा. त्यातले चार दुसऱ्या शाळेचे निघाले. बाकीचे आपापल्या घरी फरशी पुसण्यात गुंतलेले होते. समितीने खोलात जाऊन अडचणीचे मूळ शोधले: या शाळेतले गणवेश वेळेवर जीर्णच होत नाहीत, कारण कोणीतरी ते दुरुस्त करते. दुसऱ्या दिवशी शिवणाच्या खोलीवर परिपत्रक लागले. अभियान संपेपर्यंत ठिगळ लावण्यास मनाई.

तरीही आकडा गाठेना, तेव्हा नवे कापड आणून त्याचे गणवेश शिवून घेतले आणि कार्यानुभवाच्या तासाला पाचवीच्या मुलांकडून मैदानाच्या भिंतीवर घासून ते जीर्ण केले. (दर नगाला चाळीस घासे, कॉलरला साठ.) मुलांनी इतके मन लावून केलेले दुसरे काम बाईंना आठवत नाही.

पिशव्या दोनशे नव्याण्णव झाल्या. तीनशेवी मात्र अस्सल जीर्ण हवी होती, कारण पाहुणे हात लावून बघणार होते आणि आधी जमलेले आपले सात गणवेश घासलेल्यांच्या ढिगात हरवले होते. तसा गणवेश शाळेत एकच उरला होता. अडचण एवढीच की त्यात सातवीतली धाकटी होती. तिसरी बहीण. कमरपट्टीच्या आतून लाल दोऱ्याने थोरलीचे नाव, त्याखाली मधलीचे, त्याखाली तिचे. बदली नवा स्कर्ट द्यायचे ठरले, पण समितीच्या पुढच्या बैठकीनंतर. धाकटीने शनिवारी स्कर्ट धुऊन, घडी घालून आणून दिला.

सोमवारी ती घरचा फ्रॉक घालून आली. गणवेश नाही म्हणून शिपाईमामांनी तिला फाटकावरूनच परत पाठवले. नियम होता. मंगळवारी तेच. त्याच दिवशी तिच्या पिशवीला प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले आणि ती काचेच्या कपाटात बसली. पिशवी, म्हणजे.

बुधवारी बाईंनी तिला फाटकाबाहेर गाठले. "घरी काय करतेस गं?"

"फरशी पुसते. ताईच्या शर्टानं."

"शुक्रवारी शिष्यवृत्तीची परीक्षा आहे ना?"

"तिलाही गणवेश लागतो, बाई."

गुरुवारी बाईंनी ती पिशवी 'देखभालीसाठी' मागून घेतली. समितीला देखभाल हा शब्द आवडला. मधल्या सुट्टीत बाईंनी पिशवी उसवली. बंद कमरपट्टीचेच होते, ते जागच्या जागी बसले. दोन चुण्या कमी पडल्या, पण त्या कोण मोजतो? वहीत त्यांनी नोंद केली: पिशवीचे नवजीवन, नग एक.

शुक्रवारी मोठ्या बाईंना कपाट रिकामे दिसले. पिशवी कुठे गेली, असे त्यांनी शिवणबाईंना बोलावून विचारले.

"परीक्षेला बसलीय," बाई म्हणाल्या.

पुढे मोठ्या बाई अभियानावर गावोगाव व्याख्याने देऊ लागल्या. समितीची ती पुढची बैठक अद्याप व्हायची आहे. शिपाईमामा निवृत्त झाले. फाटक अजून आहे. शिवणबाईंना निरोपसमारंभात पिशवी मिळाली, नव्या कापडाची, नीट घासलेली. धाकटी शिष्यवृत्तीवर शिकली, आणि आता तिच्या मुलीला दरवर्षी तीन नवे गणवेश असतात. जुन्यांचे काय करावे हे दोघींनाही सुचत नाही.

उरलेल्या दोनशे नव्याण्णव पिशव्या मान्यवरांना वाटल्या. त्यातली एक तुमच्याकडेही असेल, दारामागच्या खिळ्याला, इतर पिशव्या पोटात घेऊन. सुरुवातीला जमलेल्या त्या सात गणवेशांच्या पिशव्यांना बंदांच्या आतून लाल दोऱ्याने नाव आहे. तुमचा बंद उलटून बघायला हरकत नाही. पण नाव सापडले, तर त्या मुलीचे पुढे काय झाले ते विचारा; नुसते नाव वाचून पिशवी पुन्हा खिळ्याला लावू नका. तेवढे तर आमच्या समितीलाही जमले असते.